मला कोमट चालत नाही

थंडी आली की मला भांडावंसं वाटतं. कुणाशी, हे आधी ठरलेलं नसतं. माणूस मागाहून मिळतो. उन्हाळ्यात चीड येते, पण भांडायला अंगात जीव राहत नाही. पावसाळा ओल्या कपड्यांशी हुज्जत घालण्यात जातो. मार्गशीर्ष लागला, गोदावरीवरचा वारा खिडकीच्या फटीतून शिट्ट्या घालायला लागला, गल्लीत ओल्या तुरीच्या शेंगांचे हातगाडे फिरायला लागले, टाचांना भेगा पडल्या, की माझ्या अंगात चेव चढतो. ओठ फुटतात आणि जिभेला धार येते. डॉक्टर म्हणतात, या वयात थंडीत जपून राहावं. मला वाटतं, ही सूचना त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यायला हवी.

यंदा भांडायला कुणी शोधावं लागलं नाही. तो न्हाणीघरातच होता, भिंतीला टांगलेला. पांढरा, गोल, पोटावर लाल दिवा. आमचा गिझर.

दिवाळीत यानं अभ्यंगाला असं कडक पाणी दिलं होतं की उटणं लावलेली नातवंडं बेडकासारखी उड्या मारत होती. भाऊबीज झाली, सगळे लातूरला परत गेले. पुढं काही दिवस ऊनच होतं. टाकीतलं पाणी आपोआप तापायचं, गिझरला सुट्टी दिली. मग थंडी पडली. बटन दाबलं. लाल दिवा लागला, पोटात सुंऽऽ असा आवाज झाला, बऱ्याच वेळानं दिवा विझला. सगळं रीतसर. आणि नळ सोडला तर बादलीत काय पडावं? पाहुण्यानं गप्पांच्या नादात विसरलेल्या चहासारखं पाणी. गरम म्हणावं तर अंगावर काटा, गार म्हणावं तर तेही खोटं.

गार पाण्याशी माझं वैर नाही. गार पाणी सरळ अंगावर येतं, आपण सरळ किंचाळतो, विषय संपतो. कोमट पाणी तांब्यातांब्यानं फसवतं. पहिला तांब्या बरा वाटतो, दुसऱ्याला शंका येते, तिसऱ्याला पाठीवरून वारा फिरतो आणि आपण अर्धवट भिजलेल्या कोंबडीसारखे उभे. धड न्हालो नाही, धड राहिलो नाही.

दत्ताला फोन केला ही माझी चूक. दत्ता माझा एकुलता एक मुलगा, लातुरात असतो, डाळमिलच्या यंत्रांचे सुटे भाग विकतो. यंत्र म्हटलं की त्याला जग कळतं, आई म्हटलं की काही कळत नाही.

"आई, बटन दाबलंस का?"

"दाबलं."

"नक्की? का फॅनचं दाबलंस?"

"न्हाणीत फॅन हाय का रे?"

"तसं न्हाई म्हणायलो मी. मागं बी गॅसवर दूध ठेवून इसरली होतीस."

"दूध तर तुझी बायको बी ऊतू घालती. तिला कुठं पाठवायलास?"

तिकडून हसण्याचा आवाज आला, पण तो सुनेचा, मीनाक्षीचा. दत्ता हसला नाही. तो म्हणाला, "येळवसेला येतो मी न्यायला. सामान बांधून ठेव. या बारीला परत जायचं न्हाई."

येळवस म्हणजे वेळअमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर असं रिकामं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, लक्ष्मीची पूजा मांडायची, मडक्यातली आंबील प्यायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खाऊन हरभऱ्याच्या बांधावर आडवं व्हायचं. मीनाक्षीच्या माहेरच्या शेतात दरवर्षी मला बोलावणं असतं आणि दरवर्षी मी जाते, खाते, परत येते. यंदाचं बोलावणं वेगळं होतं. यांच्या माघारी मी नांदेडच्या घरात एकटी राहते, ते दत्ताला पहिल्यापासून टोचतं. लातुरात माझ्यासाठी खोलीला रंग दिला होता. नांदेडच्या घरासाठी भाडेकरूही पाहून ठेवला होता.

आणि मी एकदा, भांडणाच्या भरात, बोलून बसले होते, "ज्या दिवशी मला माझं घर चालवता येईना, त्या दिवशी मी आपण होऊन येईन." आता तो शब्द त्यानं गाठीला बांधून ठेवला होता. गिझर बिघडलेला असेल तर तो दुरुस्त होईल. पण गिझर चांगला असेल आणि तरी पाणी कोमट असेल, तर मग बिघडलेलं दुसरंच काहीतरी आहे, असा त्याचा सरळ हिशेब. त्यामुळं माझ्या घरात माझं राहणं त्या लाल दिव्यावर येऊन ठेपलं.

गिझरवाल्याला बोलावलं. त्यानं टोपण उघडलं, आतली कॉइल बाहेर काढली आणि मला दाखवली. आमच्या भागात सगळं बोअरचं पाणी. क्षार असे की नव्या कळशीला महिनाभरात पांढऱ्या मिशा फुटतात. कॉइलवर तर पांढऱ्या खरबरीत पुटांचं आवरण चढलेलं. वारुळातून काढल्यासारखी दिसत होती. मला केवढा आनंद झाला! पाहा, दोष सापडला. माझ्या डोक्यात नव्हता, कॉइलवर होता. त्यानं ती खरवडली, धुतली, बसवली, पाणी तापवलं, वरचा पाइप जरा सैल करून बोटावर घेतलं आणि "आऽऽई गं" केलं. "चकाचक, काकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विसरलेला चहा.

तो परत आला. टेस्टर लावला, ते आतलं थर्मोस्टॅट टक्क वाजवून दाखवलं, आणि माझ्यासमोरच दत्ताला फोन लावला. "साहेब, गिझर एकदम ओके हाय. काकूला वयामुळं थंडी जास्त वाजून राहिली."

मी तिथंच उभी होते. माझ्याबद्दल बोलताना तो माझ्याकडं पाहतही नव्हता. गिझरकडं पाहत होता, कौतुकानं. मग फोन माझ्या हातात आला आणि दत्ताचा आवाज मऊ झाला. तो ओरडतो तेव्हा मला काही वाटत नाही. मऊ झाला की मात्र मी सावध होते. "राहू दे आई. आता थोडे दिवस पाणी गॅसवर नको तापवू, हात भाजून घेशील. मी येऊनच राहिलोय."

खरं सांगते, त्या दिवशी मला माझाच संशय आला. बादलीत कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्या बाळाच्या पाण्यात बुडवतात तसं. कोमट. मग शेजारच्या रझिया आपाला हाक मारली. रझिया आपा ब्लाउज शिवते, माझ्याहून थोडीशी लहान आणि बरीच स्पष्ट. तिनं हात घातला आणि म्हणाली, "हौ ताई, कोमटच हाय. ये पानी से तो मेरा मुर्दा भी नक्को बोलेगा."

साक्ष चांगली होती. पण दोन म्हाताऱ्यांची साक्ष एका टेस्टरपुढं कोण धरतो?

*

कोमट पाण्याचा आणि माझा संबंध जुना. त्यासाठी मुदखेडला जावं लागेल, आणि तिथं एक पोरगी भेटेल, जिला आज पाहिलं तर मी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवीन.

धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात वाढलेली ही पोरगी. लहानपणी हिच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते फक्त वाऱ्यावर उडणाऱ्या तिखटानं. अशी तिखट पोरगी लग्न होऊन मुदखेडला आली आणि पंधरवड्याच्या आत तिचं वरण झालं. सासरे रेल्वेत होते. जंक्शनच्या कडेला दगडी क्वार्टर. दिवसभर इंजिनं श्वास टाकायची आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरांवर काळे ठिपके पाडायची. लग्नानंतरची ती पहिली थंडी. माळावरून येणारं वारं, रुळांवर पडलेलं दव, आणि मागच्या अंगणात तांब्याचा बंब. बंबात इंजिनाचा अर्धा जळलेला कोळसा टाकायचा. त्याचा वास अजून नाकात आहे: थोडा गंधकाचा, थोडा प्रवासाचा.

आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी सासरे, मग हे, मग दीर, नणंदा, मग सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सगळ्यांच्या शेवटी सून. आणि बंबाचा एक नियम होता, तो मोडला तर घर डोक्यावर घेतलं जाई: ज्यानं एक बादली गरम काढली, त्यानं एक बादली गार ओतायची. बंब रिकामा पडला तर त्याचे सांधे सुटतात. नियम बरोबरच होता. फक्त सगळ्यांचं काढून, ओतून, काढून, ओतून माझी पाळी यायची तेव्हा बंबात जे उरलेलं असे, त्याला पाणी म्हणायचं एवढंच.

आमच्या सूनबाईसाहेबांची समजूत अशी की विस्तव कमी पडतोय. मग काय, पहाटे उठून रुळांच्या कडेनं पदरात कोळसे वेचायच्या. फुंकणीनं फुंकून फुंकून भुवया जाळून घेतल्या. त्या हिवाळ्याचा एक फोटो आहे. त्यात मी सतत आश्चर्य वाटत असल्यासारखी दिसते, ते भुवया नसल्यामुळं.

एकदा आत्याबाईंनी विचारलं, बरं का. अगदी चांगल्या मनानं विचारलं. "पाणी ऊन हाय का गं तुला? का अजून कोळसे टाकू?"

आणि ही येडी काय म्हणाली असेल? ओठ निळे, दात वाजताहेत, केसातून पाणी निथळतंय, आणि म्हणते कशी, "मला कोमटच आवडतं, आत्याबाई."

झालं. एका वाक्यात जन्माची सोय लावून घेतली. आत्याबाईंना सुनेचं कौतुक. त्यांनी ते घरोघर सांगितलं. "आमच्या सुनंला कोमटच लागतं." पाहुण्यांकडं गेले तर तिथल्या बायका माझ्या बादलीत मुद्दाम गार ओतायच्या, प्रेमानं. "तुम्हाला सोसत न्हाई म्हणे." मी मान डोलवायची. मनातल्या मनात मला वाटायचं, मी केवढी सोशिक, केवढी गुणी. कधीतरी कुणाच्या तरी हे लक्षात येईल, कुणीतरी येऊन म्हणेल, अगं बाई, तू इतके दिवस गारठत होतीस! कोण येणार होतं? लोकांना बंब सांभाळायचा होता. माझा त्याग पाहायला कुणाला वेळ होता, आणि मुळात मीच तो झाकून ठेवला होता की.

सासरी पहिल्यांदा कडकडीत पाणी अंगावर पडलं ते दत्ता झाला तेव्हा. बाळंतिणीला कोमट चालत नाही, तिथं आवडनिवड कुणी विचारत नाही. न्हाऊ घालणारी मथुराबाई आली, पाटावर बसवलं, आणि वाफाळत्या घंगाळातून तांब्यामागून तांब्ये पाठीवर सोडले. ओव्याचा धूर, शेगडीतला निखारा, अंगाला चोळलेलं तेल, आणि ते पाणी! मी ढसाढसा रडायला लागले. मथुराबाई घाबरली. "चटका बसला का गं माय?" मी म्हटलं, "थांबू नका." बाळ घोंगडीत रडत होतं, मी पाटावर रडत होते. त्याचं काय दुःख होतं ठाऊक नाही. माझं तर सुख होतं.

तेच बाळ आता मला सांगतंय की तुला वयामुळं गार लागतंय.

त्या पोरीला कुणी लातूरला चल म्हटलं असतं तर ती गेली असती. ट्रंक उचलून, डोळे खाली घालून. रंग दिलेल्या खोलीत बसली असती, आणि कुणी चांगल्या मनानं विचारलं असतं तर म्हणाली असती, मला इथंच आवडतं. मग लातूरभर झालं असतं, आमच्या आईला इथंच आवडतं. हे इतकं स्वच्छ माझ्या डोळ्यांपुढं आलं की मी खुर्ची उचलली आणि न्हाणीघरात गिझरसमोर जाऊन बसले.

*

बसून बसून माणसाला दिसायला लागतं. बटन दाबलं, दिवा लागला, दिवा विझला. मी स्टुलावर चढले. (हे दत्तानं वाचू नये.) गिझरमधून खाली येणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला बोट लावलं आणि असं पोळलं की मथुराबाई आठवली. म्हणजे वर पाणी कडक. खाली उतरले, नळ सोडला, तर कोमट. वर कडक, खाली कोमट, मधे हातभर पाइप.

गिझरवाला वर बघून गेला. दत्ता फोनवरून माझ्यात बघत होता. मधे कुणी बघितलंच नव्हतं.

आणि तिथं, खुर्चीत, पोळलेलं बोट तोंडात घालून बसलेली असताना मला मुदखेडचा बंब दिसला. त्या येडीनं हिवाळाभर कोळसे वेचले, भुवया जाळल्या, विस्तवाला दोष दिला. विस्तव कधी कमी नव्हताच. कुणीतरी गार ओतत होतं. मग इथं कोण ओतून राहिलं?

मी रझिया आपाला हाक मारली. गिझरमध्ये गार पाणी जातं त्या पाइपावर एक छोटा कॉक आहे. तो बंद केला की गिझरमध्ये पाणी जाणार नाही. आत पाणी गेलं नाही तर बाहेर ढकललं जाणार नाही. मग गरम पाण्याचा नळ सोडला तर दोन थेंबांनंतर त्यातून काहीच यायला नको. एवढा हिशेब मला जमला. बटन आधी बंद केलं. मी भांडखोर आहे, मूर्ख नाही. कॉक क्षारानं जाम झालेला. रझिया आपा घरी जाऊन शिलाई मशिनीची तेलाची कुपी घेऊन आली, चार थेंब सोडले, पदर गुंडाळून पिरगाळला.

"बस, बंद. अब देखो."

मी नळ सोडला. पाणी आलं. येतच राहिलं. गार, भरपूर, आनंदानं.

आम्ही दोघी बादलीत पाहत उभ्या. बादली भरली, वाहायला लागली.

"ताई," रझिया आपा हळूच म्हणाली, "ये पानी है किसका?"

असा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. बंद केलेल्या वाटेनं येणारं हे पाणी कुणाचं? मी पाइपावरून बोट फिरवत निघाले. नळापासून वर, कोपऱ्यातून डावीकडं, आणि बोट जाऊन थांबलं दत्ताच्या सापापाशी.

साप म्हणजे काय ते सांगते. भाऊबीजेच्या दिवशी निघता निघता दत्तानं माझ्यासाठी हातात धरायचा शॉवर बसवून दिला होता. स्टीलचा वळवळता पाइप, टोकाला दांडी, दांडीवर बटन; बटन दाबलं की फवारा, सोडलं की बंद. "खाली बसून आंघोळ करत जा, आई, वाकायला नको." पाइपाच्या मुळाशी दोन चाव्या, एक गरम पाण्याची, एक गार पाण्याची. मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता. मी बादली-तांब्यावाली बाई. भिंतीवर लटकलेल्या त्या वस्तूकडं मी बघायचंही टाळत होते.

आता चष्मा लावून पाहिलं. दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या. टोकाचं बटन बंद. म्हणजे गार पाणी आपल्या चावीतून आत शिरत होतं, टोकाला वाट नाही म्हणून गरमाच्या चावीतून मागं फिरत होतं, आणि मी नळ सोडला की गरमाच्या पाइपातून माझ्या बादलीत उतरत होतं. गिझर बिचारा तापवत होता, आणि वाटेत हा साप रात्रंदिवस गार ओतत होता.

मी दोन्ही चाव्या बंद केल्या. नळातलं पाणी थांबलं. असं थांबलं, जसं कुणाला तरी चोरी करताना नावानं हाक मारावी.

चाव्या उघड्या का ठेवल्या होत्या, हे मला एका क्षणात कळलं, कारण मी लातूरचं घर पाहिलंय. तिथं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. म्हणून नळ कुणी बंदच करत नाही. नळाला लांब पाइप लावलेला, पाइपाच्या टोकाला कॉक. नळ कायम उघडा, टोक कायम बंद. पाणी आलं की पाइप फुगतो, फरशीवर जागच्या जागी वळवळतो, आणि सगळं घर हातातलं टाकून धावतं: एकानं टोक धरायचं, या पिपातून त्या पिपात, मग हंडे, मग बादल्या, मग चहाची पातेलीसुद्धा. मुळातला नळ बंद करायला परत जाण्याएवढी फुरसत लातूरच्या माणसाला नाही. टोक बंद केलं, काम झालं. दत्ताच्या हाताला तेच वळण पडलंय. त्यानं माझ्या नांदेडच्या भिंतीवर प्रेमानं एक लातूर बसवून दिलं होतं.

रझिया आपा म्हणाली, "अब फोन लगाओ ना बेटेको."

मी म्हटलं, "नक्को. येऊ दे त्याला."

*

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी दत्ता आला. पहिल्या गाडीनं आल्यामुळं गारठलेला, कानाला मफलर, नाक लाल. पिशवी ठेवली, माझ्या पाया पडला, आणि घराकडं अशी नजर फिरवली, जशी माणूस गाडी सुटायच्या आधी फलाटावर फिरवतो.

"सामान कुठं हाय, आई?"

"आधी आंघोळ कर. गिझर लावलाय."

तो आत गेला. गिझरचा कॉक आम्ही केव्हाच परत उघडला होता, पण त्याच्या येण्याआधी मी दोन्ही चाव्याही पुन्हा उघडून ठेवल्या होत्या, जशा त्यानं ठेवल्या होत्या तशाच. या वयात मला स्वर्गात जायची घाई नाही, त्यामुळं एवढं पाप चालतं. रझिया आपा दळण मागायच्या निमित्तानं आली आणि दळणाचं नावही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली.

पहिला तांब्या. दुसरा तांब्या. तिसऱ्याला आतून आवाज आला.

"आई ऽऽ! पाणी गार हाय!"

"कोमट असंल बघ."

"कोमट न्हाई, गारच हाय! बटन दाबलं होतंस का?"

"दाबलं की. दिवा विझलाय, बघ. गिझर एकदम ओके हाय." मी जरा थांबले. "पन्नाशीला टेकलास दत्ता. वयामुळं वाजून राहिली असंल."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. रझिया आपा ओट्यावर डोकं ठेवून हसत होती.

मग मी दाराशी जाऊन सांगितलं, "तुझ्या शॉवरच्या मुळाशी दोन चाव्या हायेत. त्या बंद कर आणि मग नळ सोड." किर्रर्र, किर्रर्र. मग बादलीत धार पडल्याचा आवाज. गरम पाण्याचा आवाज वेगळा असतो, जरा जाड. दाराखालून वाफ आली, आणि पाठोपाठ माझ्या मुलाची किंकाळी.

तो बाहेर आला तेव्हा लालबुंद होता, टॉवेलसकट वाफाळत होता. यंत्राचा माणूस, मला समजावून सांगावं लागलं नाही. खुर्चीत बसला, चहा घेतला, कपाकडं बघत राहिला. चूक कळल्यावर तो वडिलांसारखाच दिसतो, कान आधी लाल होतात.

"बटनाचं सोड," शेवटी म्हणाला. "ते झालं. पण तू पडलीस तर?"

"पडले तर पडले. लातूरची फरशी काय कापसाची हाय?"

"तिथं आम्ही हावोत."

"सकाळी तू दुकानात, मीनाक्षी शाळंत, पोरं क्लासला. दिवसभर मी आणि तुमचा पाइप. तो फुगला की मी धावायचं. पडायचं तर ते तिथं पडणार मी."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. मग खाली बघत म्हणाला, "रात्री फोन उचलला न्हाईस ना, तर मला झोप लागत न्हाई, आई."

मी त्याच्या ओल्या डोक्याकडं पाहिलं. मधे विरळ झालंय. त्याची भीती खरी होती. शॉवरही खऱ्या मायेनंच बसवला होता. आत्याबाईंनीसुद्धा चांगल्या मनानंच विचारलं होतं. चांगल्या मनाच्या माणसांपुढं खरं बोलणं लई अवघड. त्या पोरीला ते जमलं नाही, आणि मला ते शिकायला सगळा जन्म लागला. म्हणून शिकलेलं वाया घालवायचं नाही असं ठरवून मी बोलले.

"फोन उचलत जाईन. न्हाई उचलला तर रझियाला लाव, ती भिंतीवर ठोकंल. पण दत्ता, मला तिकडं राहायला आवडणार न्हाई. तुमचं काही चुकलं म्हणून न्हाई. मला इथं आवडतं म्हणून. आत्ताच सांगून ठेवते, मागाहून माझ्या तोंडून दुसरं काही ऐकलंस तर ते खोटं समज."

तो कप खाली ठेवून उठला, गॅलरीत गेला. भाडेकरूला फोन लावला असावा. "न्हाई हो, ते आता जमत न्हाई" एवढं ऐकू आलं. परत आला तो आवाज मुद्दाम कडक करून. "येळवसेला तरी येतीस का, का ते बी न्हाई?"

"येते की. भज्जीशी माझं कुठं भांडण हाय?"

दोन लुगडी, चष्म्याचं घर, औषधं, एवढीच पिशवी भरली. तोवर दत्ता दारात उभा राहून काहीतरी लपवायचा प्रयत्न करत होता. मी हात पुढं केला. लातूरहून येताना त्यानं एक नवं कुलूप आणलं होतं, पितळी, मुठीएवढं, चांगलं वजनदार; घर कायमचं बंद करायला घ्यावं तसं. ओशाळून म्हणाला, "राहू दे, आता काय कामाचं."

"का? लई चांगलं हाय की. माझ्या जुन्याला गंज चढलाय."

मी तेच लावलं. ओढून पाहिलं. पक्कं बसलं होतं. कुलपाबरोबर दोन किल्ल्या होत्या. दोन्ही मी कमरेच्या पिशवीत टाकल्या आणि पिशवीचं तोंड आवळलं. आम्ही फाटकाबाहेर आलो, रिक्षा थांबली, तरी दत्ता घुटमळत होता.

"आई, एक किल्ली माझ्याकडं दे की. कधी अचानक यावं लागलं तर?"

"बेल वाजव," मी रिक्षात चढत म्हटलं. "मी घरातच असते."